‘आज्जी म्हशीला चारा घातली’: बेळगाव भागातल्या बोलीचं व्याकरण कसं शोधायचं

शाळेत ‘प्रयोग ओळखा’ हा प्रश्न सगळ्यांनीच सोडवलेला असतो. ‘रामाने आंबा खाल्ला’ आला की कर्मणी लिहायचं, ‘राम आंबा खातो’ आला की कर्तरी, आणि पुढच्या प्रश्नाकडं वळायचं. बेळगाव, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या पोरांना त्यातली गंमत कुणी सांगत नाही. घरी आज्जी ‘मी चारा घातलो’ म्हणते, शेजारचा गडी ‘वैरण घातला’ म्हणतो. वर्गात ही वाक्यं ‘अशुद्ध’ म्हणून खोडली जातात, आणि त्या बोलण्याला स्वतःचा काटेकोर नियम असू शकतो याचा विचारही होत नाही.

भाषावैज्ञानिक तो नियम शोधतो. तो कसा शोधायचा, ते इथं एकाच वाक्याच्या आधारानं पायरीपायरीनं सांगतो. मराठीच्या, भूगोलाच्या, समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हे जमेल, आणि निवृत्त मास्तरांना तर फारच चांगलं जमेल. मोबाइल, वही आणि गावातली ओळख एवढं भांडवल पुरतं.

आधी प्रश्न लहान करा

‘बेळगावी मराठीचा अभ्यास’ हा विषय नव्हे, तो जन्मभराचा उद्योग आहे. ‘भूतकाळात क्रियापद कुणाच्या लिंगवचनाप्रमाणं बदलतं, कर्त्याच्या की कर्माच्या?’ हा विषय आहे. प्रश्न इतका लहान असावा की कुठलं वाक्य ऐकलं म्हणजे उत्तर ‘हो’ आणि कुठलं ऐकलं म्हणजे ‘नाही’, हे घरातून निघण्याआधीच लिहून ठेवता यावं. तसं लिहिता येत नसेल तर प्रश्न अजून मोठाच आहे असं समजा.

आधी कुणी काय लिहून ठेवलंय ते जरूर चाळा. मोरो केशव दामले यांचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ चं आहे, पण प्रयोगांची त्यातली चर्चा आजही वाचायला लागते. ब्रिटिश काळातले अधिकारी ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषांच्या पाहणीचा सातवा खंड मराठीचा आहे, १९०५ चा. त्यात ठिकठिकाणच्या बोलींचे नमुने मिळतात. त्यातली बरीचशी सामग्री मात्र बायबलमधल्या उधळ्या मुलाच्या गोष्टीची भाषांतरं आहेत. भाषांतर करणारा माणूस समोरच्या मजकुराच्या वाक्यरचनेला धरून चालतो, म्हणून अशा नमुन्यांवर व्याकरणाच्या बाबतीत डोळे झाकून विसंबू नये. अलीकडच्या काळात पुण्याचं डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी बोलींचं मोठं सर्वेक्षण केलं. बोलणाऱ्यांना छोट्या चित्रफिती दाखवून ‘काय झालं ते सांगा’ म्हणायचं, ही त्यातली पद्धत आपल्याही कामाची आहे.

माणसं गाठताना

सीमाभागात भाषेवर प्रश्न विचारणं हे इतर ठिकाणासारखं साधं काम नाही. १९५६ ची राज्यपुनर्रचना, मग सीमावादावरचा महाजन आयोग, मग २००४ पासून सर्वोच्च न्यायालयातला दावा, असं सगळं पाठीशी असताना कुणीतरी वही घेऊन आलं आणि ‘तुमची भाषा कोणती?’ म्हणालं, की माणूस सावध होतो. तो उत्तर भाषेचं देत नाही, बाजूचं देतो. म्हणून मातृभाषेचा प्रश्न पहिला विचारूच नका. ‘जुन्या पद्धतीची शेती आणि तिची बोलण्याची भाषा यावर माहिती गोळा करतोय, कॉलेजचं काम आहे, सरकारी नाही’ एवढं खरं-खरं सांगा. आवाज रेकॉर्ड करणार हे आधी सांगा, होकार त्याच रेकॉर्डिंगमध्ये घ्या, आणि नको म्हटलं तर चहा पिऊन उठा.

बोलणाऱ्याची नोंद वहीत आकड्यानं ठेवा, नावानं नको. वय, गाव, माहेर, शिक्षण, कन्नड किती येतं, कामधंदा काय, एवढं पुरे. माहेर विसरू नका. खानापूरच्या कणकुंबीकडची मुलगी अथणीकडं दिली असेल तर तिचं मराठी कुठलं समजायचं, हा प्रश्न पुढं तुमच्याच मानगुटीवर बसतो.

रेकॉर्डिंग

यात फार अडकू नका. फोन तोंडापासून वीतभर अंतरावर, पंखा बंद, शक्य असेल तर दबलेल्या फाइलऐवजी ‘वेव्ह’ प्रकारात. सुरुवातीला तारीख, गाव आणि बोलणाऱ्याचा आकडा तोंडानं म्हणा. मध्ये कोंबडा आरवला तर आरवू दे.

खरी अडचण वेगळीच. रेकॉर्डिंग चालू झालं की माणूस पुस्तकी बोलायला लागतो. अमेरिकन भाषावैज्ञानिक विल्यम लबोव्ह यांनी या पेचाला नाव दिलं आणि त्यावर उपायही काढले. आपण बघत नसताना लोक कसे बोलतात ते आपल्याला हवं असतं, आणि ते मिळवायला बघावंच लागतं. १९६० च्या दशकात त्यांनी न्यूयॉर्कच्या दुकानांत एक साधी युक्ती वापरली. चौथ्या मजल्यावर मिळणाऱ्या वस्तूबद्दल विचारायचं, म्हणजे विक्रेता ‘चौथा मजला’ हे शब्द आपोआप उच्चारणार. मग ऐकू न आल्यासारखं करून पुन्हा विचारायचं, म्हणजे सावध उच्चारही मिळणार. प्रश्न भाषेचा नव्हताच, विक्रेत्याला पत्ताही नव्हता.

आपल्याकडं त्याचा सोपा अवतार म्हणजे कामाची हकिगत. निपाणीकडं तंबाखू, खानापुरात रोपलावण, चिकोडीकडं ऊसतोड, शहापुरात माग. ‘मागच्या सालची लावण कशी झाली?’ म्हटलं की भूतकाळी क्रियापदांचा पाऊस पडतो: केला, टाकली, ओढला, बांधली. पहिली पाच-दहा मिनिटं सोडून द्या, त्यात पुस्तकी भाषा जास्त असते. दोन बायका एकमेकींशी बोलायला लागल्या की तुम्ही गप्प बसा.

कानानं ऐका, कानानंच लिहा

घरी येऊन लिहून काढणं हे सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात मोलाचं काम. एका मिनिटाच्या बोलण्याला तास सहज जातो. देवनागरी आपल्याला बऱ्यापैकी साथ देते, पण दोन-तीन ठिकाणी दगा देते. ‘चार’ हा आकडा आणि ‘गुरं चार’ मधलं ‘चार’ यांचा उच्चार वेगळा, लेखन एकच. ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘सुखानं जग’ मधलं ‘जग’ यांचंही तेच. ‘गुरं चार’ आणि ‘सुखानं जग’ मधल्या दंततालव्य उच्चाराला अक्षराखाली नुक्ता द्या: च़, ज़. अशा जोड्यांत एकाच ध्वनीच्या फरकानं अर्थ बदलतो, म्हणून ते दोन ध्वनी त्या भाषेत स्वतंत्र मानायचे, हा ध्वनिविचाराचा पाया. काल-काळ, मन-मण या जोड्या तुमच्या गावात वेगळ्या ऐकू येतात का, हेही याच झटक्यात तपासून घ्या.

ऐकलं ते लिहा. ‘न्हाई’ ऐकलं तर ‘नाही’ लिहू नका, ‘हाय’ चं ‘आहे’ करू नका. हात आपोआप शुद्ध करायला जातो, त्याला आवरा. आवाज आणि लेखन एका पडद्यावर जुळवून ठेवायला नेदरलँड्समध्ये तयार झालेली ‘ईलान’ आणि ‘प्रात’ ही दोन सॉफ्टवेअरं फुकट मिळतात. पहिलं वाक्यवार लेखनासाठी, दुसरं ध्वनीच्या मोजमापासाठी. आपल्या प्रश्नाला पहिलं पुरतं.

वाक्य फोडणं

आता मूळ काम. प्रत्येक निवडक वाक्य तीन ओळींत मांडा. वर ऐकलेलं वाक्य, मधे तुकडे, खाली प्रत्येक तुकड्याचं काम.

आज्जी म्हशीला चारा घातली
आज्जी | म्हशी-ला | चारा | घात-ल-ई
आजी (स्त्री. ए.व., प्रत्यय नाही) | म्हैस (सामान्यरूप)-ला | चारा (पुं. ए.व.) | घाल-भूत-स्त्री. ए.व.

प्रमाण मराठीत हेच ‘आज्जीनं म्हशीला चारा घातला’. शेजारी शेजारी ठेवा. दोन जागी फरक दिसतो: कर्त्याचा ‘नं’ गेला, आणि क्रियापदाची शेपटी चाऱ्याकडून आज्जीकडं सरकली. हे दोन फरक जोडीनंच येतात की एकेकटेही येऊ शकतात? ‘आज्जीनं चारा घातली’ किंवा ‘आज्जी चारा घातला’ असं कुणी म्हणतं का? चार शक्यता कागदावर मांडल्या की पुढं काय विचारायचं ते कागदच सांगतो.

इथं एक सापळा आहे. समजा तुम्हाला ‘आज्जी वैरण घातली’ हे वाक्य मिळालं आणि तुम्ही आनंदानं ‘कर्त्याशी मेळ’ म्हणून नोंदवलंत. आज्जी स्त्रीलिंगी, वैरणही स्त्रीलिंगी. ‘घातली’ कुणामुळं आलं ते या वाक्यातून कळणारच नाही. चाचणीच्या वाक्यात कर्ता आणि कर्म यांची लिंगं वेगळीच हवीत: आज्जी आणि चारा, गडी आणि वैरण. ‘गडी’ हा शब्द खास उपयोगी, कारण ‘नं’ लागला की त्याचं ‘गड्यानं’ होतं. प्रत्यय घाईत गिळला गेला तरी सामान्यरूपावरून तो होता हे कळतं. ‘आबा’ मात्र टाळा. आदरार्थी अनेकवचनानं ‘आबा वैरण घातले’ झालं की लिंगाचा पुरावा बुडाला.

‘मी’ ची वेगळीच कथा. प्रमाण मराठीतही ‘मी’ ला ‘ने’ लागत नाही, त्यामुळं ‘मी’ च्या वाक्यांवरून कर्त्याच्या प्रत्ययाबद्दल काही सिद्ध होत नाही, फक्त क्रियापदाच्या शेपटीबद्दल होतं. शिवाय कोल्हापूर-बेळगाव पट्ट्यात पुष्कळ बायका ‘मी येतो, मी आलो’ म्हणतात. म्हणून बाई ‘मी चारा घातलो’ म्हणाली तर त्यातून पुल्लिंग काढू नका. आधी तिच्याकडून ‘आलो’ की ‘आले’ ते ऐकून घ्या, मग ‘घातलो’ चा अर्थ लावा. ‘तू’ त्याहून मजेदार. प्रमाण मराठीतल्या ‘तू भाकरी खाल्लीस’ मध्ये ‘ली’ भाकरीची आणि ‘स’ तुझा. एकाच क्रियापदात दोघांची हजेरी लागते. तुमच्या गावात गड्याला उद्देशून ‘तू भाकरी खाल्लास’ म्हणतात का? म्हणत असतील तर नेमका पहिला तुकडा बदलला, दुसरा जागेवरच राहिला, हे त्या एका शब्दात दिसतं.

क्रियापदं निवडतानाही डोकं ठिकाणावर ठेवा. जेवणे, शिकणे, विसरणे, बोलणे, पिणे ही मंडळी प्रमाण मराठीतही भूतकाळात कर्त्याशीच मेळ राखतात: ‘ती भात जेवली’, ‘तो मराठी शिकला’, ‘ती ताक प्यायली’. ही वाक्यं गोळा करून ‘बघा, बेळगावी वैशिष्ट्य’ म्हटलं तर पुण्यातला पोरगाही हसेल. घालणे, करणे, तोडणे, बांधणे, बघणे, देणे अशी क्रियापदं घ्या.

तक्ता भरणं

कर्ते सात: मी (पुरुष), मी (बाई), तू, तो, ती, आम्ही, ते. कर्मं सहा: तीन लिंगं, दोन वचनं. म्हणजे बेचाळीस खाने. हकिगतीतून यातले निम्मेही भरत नाहीत, कारण लोक ठरावीकच गोष्टी बोलतात. उरलेले खाने विचारून भरायचे. विचारण्याची मात्र पद्धत आहे.

‘आज्जीनं चारा घातला हे तुमच्या भाषेत कसं म्हणाल?’ असं विचारलंत तर ते तुमचंच वाक्य परत देतील. कन्नड वाक्य देऊन भाषांतर मागितलंत तर कन्नडच्या वळणाचं मराठी मिळेल. त्यापेक्षा चित्र दाखवा, मोबाइलवरची मुकी चित्रफीत दाखवा, नाहीतर प्रसंग सांगा: ‘सकाळी म्हशीला कुणी काय घातलं ते मालक विचारतोय, काय सांगाल?’ एका बैठकीत दहा-बाराच्यावर वाक्यं नकोत, आणि त्यांत मधूनमधून दुसरीच वाक्यं पेरा. सलग एकाच साच्याची वाक्यं आली की माणसाला तुम्ही काय शोधताय ते कळतं, आणि तो मदत करायला लागतो. ती मदत महागात पडते.

एखादं वाक्य चालतं की नाही हे विचारायचं असेल तेव्हा ‘बरोबर का?’ हे शब्द वापरू नका. शाळा शिकलेल्या कानाला ‘बरोबर’ म्हणजे पुस्तकातलं. ‘असं कोण बोलतं? तुमच्या गल्लीत बोलतात का? म्हातारी माणसं की पोरं?’ असं विचारा. ‘आम्ही न्हाई म्हणत, पण पलीकडच्या गावात म्हणत्यात’ हे उत्तर ‘चूक’ या उत्तरापेक्षा शंभर पटीनं कामाचं. न चालणाऱ्या वाक्यापुढं फुली, डळमळीत वाक्यापुढं प्रश्नचिन्ह करा. फुलीची वाक्यं जपून ठेवा. काय म्हणत नाहीत यावरूनच नियमाची कड दिसते, आणि ते कुठल्याही रेकॉर्डिंगमध्ये आपणहून सापडत नाही.

तक्ता भरल्यावर कर्माला ‘ला’ लावून एक फेरी मारा. प्रमाण मराठीत ‘गड्यानं रेड्याला हाकललं’ असा भावे प्रयोग होतो, क्रियापद कुणाचंच ऐकत नाही. तुमच्याकडं ‘आज्जी रेड्याला हाकलली’ मिळालं तर नियम अजून पक्का: कर्म कसंही असो, क्रियापद कर्त्यालाच धरून आहे.

शब्दांचे गट

रचनेबद्दल थोडक्यात. ‘धाकट्या मावशीच्या शेतातला ऊस गडी काल तोडला’ यात कुठले शब्द एका दावणीचे, हे ओळखायला दोन कसोट्या. पहिली अदलाबदलीची: ‘धाकट्या मावशीच्या शेतातला ऊस’ एवढ्याच्या जागी ‘तो’ बसतो, म्हणजे तो एक गट. दुसरी हलवण्याची: तो गट अख्खाच्या अख्खा वाक्याच्या शेवटी नेता येतो, त्यातलं ‘मावशीच्या’ तेवढं उचलून नेता येत नाही.

अर्थ कसा तपासायचा

अर्थ विचारून मिळत नाही. ‘करालोय म्हणजे काय?’ म्हटलं तर ‘करतोय’ म्हणून उत्तर येणार, आणि तुम्ही तेच लिहून मोकळे होणार. करालोय, करायलोय, करूलालोय, गावागणिक रूप बदलतं. त्याचा अर्थ नेमका किती पसरलाय ते काळाचे शब्द जोडून बघायचं. ‘आत्ता काय करालास?’ चालणारच. ‘रोज सकाळी काय करालास?’ चालतं का? ‘उद्या गोकाकला जाऊलालोय’ असं कुणी म्हणतं का? ‘गेल्या सालापासनं भाड्यानं राहूलालोय’? चालू क्रिया, सवय, ठरलेला बेत, लांबलेली स्थिती ही चार घरं झाली. रूप कुठल्या घरात शिरतं आणि कुठल्या उंबऱ्यावर अडतं, तो त्याचा अर्थ.

‘ये की’ मधला ‘की’ त्याहून निसरडा. इथं प्रसंग बदलून बघा. दारात पहिल्यांदा आलेल्या परक्याला ‘या की’ म्हणतात का? उंबऱ्यावर घुटमळणाऱ्या ओळखीच्याला? आधीच एकदा बोलावून झालेल्या माणसाला? मग ‘होय की’, ‘दिलो की’ यांतही तोच धागा आहे का बघा. माझा अंदाज असा, की ‘तुला हे ठाऊकच आहे, मग पुन्हा काय विचारतोस’ असा सूर त्यात असतो. पण अंदाजाला पुरावा लागतो: जिथं ऐकणाऱ्याला काहीच ठाऊक नाही असा प्रसंग रचायचा, आणि तिथं ‘की’ पडतो का ते पाहायचं. पडला, तर अंदाज गेला.

‘कन्नडचा प्रभाव’ असं लिहिण्याआधी

आता सगळ्यात मोहाची जागा. कन्नडमध्ये ‘अज्जी एम्मेगे मेवु हाकिदळु’, म्हणजे क्रियापद सरळ आज्जीला धरून, आणि आज्जीला प्रत्यय नाही. शब्दाला शब्द ठेवला तर ‘आज्जी म्हशीला चारा घातली’. पटकन लिहावंसं वाटतं, की झालं, कन्नडवरून आलं.

या मोहाला मोठा आधारही आहे. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन या अभ्यासकांनी १९७१ साली सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडबद्दल दाखवून दिलं, की तिथल्या मराठी, कन्नड आणि उर्दूचे शब्द आपापले राहिले, पण पिढ्यान्‌पिढ्या एकत्र नांदून वाक्यांची ठेवण इतकी सारखी झाली, की एका भाषेतलं वाक्य दुसरीत शब्दाला शब्द घालून उतरवता यावं. आपला भाग त्या शेजारचाच.

तरी थांबा. साम्य दिसलं म्हणजे उसनवारी सिद्ध झाली असं नाही. तीन गोष्टी तपासा. एक, कन्नड अजिबात न येणाऱ्या माणसांत हे रूप किती आहे. खानापूरच्या पश्चिमेकडच्या म्हाताऱ्या माणसांचं बोलणं आणि अथणीकडच्या दुभाषी घरातलं बोलणं समोरासमोर ठेवा. दोन, भागातल्या तिसऱ्या भाषेत काय घडलंय. दख्खनी उर्दूतही ‘ने’ गळालाय आणि ‘मैं रोटी खाया’ म्हणतात. मग मराठीनं हे कन्नडकडून घेतलं, दख्खनीकडून, की तिघी एकत्र सरकल्या? तीन, कन्नड वळणाच्या इतर खुणा त्याच माणसाच्या बोलण्यात आहेत का. कन्नडमध्ये दुसऱ्याचं बोलणं सांगताना ‘अंत’ येतं: ‘बर्तीनि अंत हेळिद’. आपल्याकडं ‘येतो म्हणून सांगितला’. ‘म्हणून’ ची ही रचना प्रमाण मराठीतही चालते, त्यामुळं ती असणं-नसणं मोजू नका, किती वेळा येते ते मोजा. ‘तो म्हणाला की येतो’ ही ‘की’ ची रचना त्या माणसाच्या तोंडी कितीदा येते, त्याच्याशी तुलना करा.

तिन्ही उत्तरं एकाच दिशेला गेली तर ‘कन्नडच्या संपर्कामुळं’ लिहा. दोनच गेली तर ‘संपर्काचा वाटा असावा’ असं लिहा. प्रभावाची बाजू उलटीही तपासावी: इथल्या कन्नडमध्ये मराठीचं काय काय शिरलंय? सीमाभागात हा प्रश्न दोन्हीकडच्या मंडळींना फारसा आवडत नाही, म्हणून तो विचारायला जास्त मजा येते.

मांडणी

लेख दहा पानांचा असला तरी निष्कर्ष अर्ध्या पानात बसावा. किती माणसं, कुठल्या गावची, कुठल्या वयाची, बेचाळीसपैकी किती खाने भरले, कितीत दोन्ही रूपं मिळाली, हे आकडे त्यात हवेत. एकच बाई एका श्वासात ‘आज्जी चारा घातली’ आणि दुसऱ्या श्वासात ‘आज्जीनं चारा घातला’ म्हणाली तर दोन्ही नोंदवा. समोर कोण होतं, बोलणं घरचं होतं की पाहुण्याशी, तेही लिहा. बहुतेक वेळा रूप तिथंच बदलतं. नियमात न बसणारी वाक्यं शेवटी वेगळी द्या, पोटात घालू नका. पुढचा अभ्यास करणाऱ्याला नेमकी तीच लागतात.

रेकॉर्डिंगच्या दोन प्रती वेगवेगळ्या जागी ठेवा. फाइलच्या नावात गाव, तारीख आणि बोलणाऱ्याचा आकडा असू द्या. ज्यांनी बोलून दिलं त्यांच्या घरच्या फोनवर त्यांचं-त्यांचं बोलणं पाठवून द्या, आणि त्यातलं काही काढून टाक म्हणाले तर तुमच्याकडच्या दोन्ही प्रतींतून काढा.